पोटावरचं नाव

मी डबा बोलतोय. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, किलोभर अनारसे आरामात मावतील एवढ्या पोटाचा. माझ्या भाऊबंदांची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत लिहिली असतीलच. त्यात आम्ही फार सोशीक असतो. झिजतो, पोचे खातो, माळ्यावर पडतो आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळे होतो. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. स्टीलला गंज चढत नाही, आणि माझ्या रागालाही चढलेला नाही.

कारखान्यातल्या जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पत्रा होतो, दाबला गेलो, डबा झालो. माझा खरा जन्म पुसदच्या एका भांड्यांच्या दुकानात झाला. रंगराव नावाचे एक उंच गृहस्थ भाचीच्या लग्नात आंदण द्यायला भांडी घेत होते. दुकानदारानं नाव घालायचं मशीन माझ्या झाकणाला टेकवलं, तसा त्यांनी त्याचा हात धरला. "झाकणावर नको घालू," ते म्हणाले, "झाकणं बदलतात. पोटावर घाल." मग त्या सुईनं टोचटोचून माझ्या पोटावर बारीक ठिपक्यांची अक्षरं उमटवली : सौ. सत्यशीलास सप्रेम भेट, रंगरावमामा. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून मी कुणाचा तरी झालो.

नाव का घालतात, ते नव्या पिढीला सांगावं लागतं. डबा ही एका घरात बसून राहायची वस्तू नव्हे. आज या घरचा चिवडा घेऊन त्या घरी जायचं, उद्या त्या घरचं काहीतरी घेऊन परत यायचं, हा आमचा धर्म. भरून गेलेला डबा रिकामा परत करत नाहीत. घरात अगदीच काही नसलं तर मूठभर साखर घालतात. साखर आली की समजायचं, देणाऱ्याकडे आज दुसरं काही नव्हतं, पण रीत ठाऊक होती. एवढ्या येण्याजाण्यात आपला डबा कुणाकडे राहू नये म्हणून पोटावर नाव. इतकी साधी गोष्ट आहे, पण तेवढीही वाचायला माणसाला मान खाली घालावी लागते आणि ती सगळ्यांना जमत नाही.

लग्नानंतर सत्यशीला आणि तिचा नवरा शंभू वाघोलीला आले. नगर रस्त्यावरच्या एका कंपनीत शंभू मशीनवर लागला, तिला दुसऱ्या कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं. तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, खाली वाहनांची न संपणारी रांग आणि समोर रोज एक मजला वाढणारी इमारत. त्या जिन्यावरच्या प्रत्येक घराचं पीठ-मीठ मला ठाऊक आहे. कुठल्या घरी मी शेंगदाण्याची चटणी घेऊन गेलो आणि कुठून धपाटी घेऊन आलो, ते मोजायचं ठरवलं तर आत्मवृत्त तिथंच संपेल. सांगायचं इतकंच, की आमच्या घरात श्रीमंती नव्हती, पण हात पसरायची वेळही कधी आली नव्हती.

त्यांची मुलगी श्रद्धा तिसरीत होती, तेव्हाची ही गोष्ट. जवळच्याच प्राथमिक शाळेत जायची. त्या शाळेत नव्या सोसायट्यांतली मुलं होती, गावातल्या जुन्या जमीनदार घरांतली होती आणि आमच्यासारख्या भाड्याच्या खोल्यांतलीही होती. शाळेचं 'शाळावार्ता' नावाचं दोन पानांचं मासिक निघायचं. कुणी चित्रकलेत बक्षीस मिळवलं, कुणी झाडं लावली, असल्या बातम्या. एक प्रत फाटकाजवळच्या फळ्यावर लागायची आणि तीच सगळ्या पालकांच्या मोबाईलवरही जायची. संगणकाचे पुष्कर सर ती तयार करत. त्यांच्या मासिकात जगातली सगळी माणसं दोनच कामं करायची. फोटोत डावीकडचा माणूस काहीतरी 'देताना' असायचा आणि उजवीकडचा 'स्वीकारताना'.

त्या दिवाळीत शाळेनं उपक्रम जाहीर केला, 'एक डबा आनंदाचा'. सुट्टी लागायच्या दिवशी प्रत्येकानं घरून एक डबा फराळ आणायचा, तो बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांना वाटायचा. कल्पना पालक संघाच्या अध्यक्षा उत्कर्षा मॅडम यांची. वाघोलीत त्यांच्या सासऱ्यांची एके काळी शेती होती, आता तिथं इमारती आहेत आणि त्यांवर त्यांचं आडनाव आहे. बाई वाईट नव्हती म्हणतात. असेल. मी तिचा वकील नाही.

श्रद्धानं घरी येऊन सांगितलं आणि सत्यशीलेनं एका शब्दानं विचारलं नाही की आपण कशाला. ती म्हणाली, द्यायचं तर अनारसे देऊ. ज्यांनी अनारसे केले नाहीत त्यांना यातली मेख कळायची नाही. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवून कुटायचे, गुळात मळून ते पीठ मुरवत ठेवायचं. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचं. जरा कुठं प्रमाण चुकलं की अनारसा तुपात पसरतो, विरघळतो, जाळी होऊन तरंगायला लागतो. त्याला आपल्याकडे 'अनारसा हसला' म्हणतात. आमच्या सत्यशीलेचा अनारसा कधी हसला नाही. कंपनीतून येऊन, पाय दुखत असताना, तिनं ते केले आणि माझ्या पोटात एकेक करून रचले. श्रद्धा शेजारी बसून सारखं विचारत होती, की त्या मुलांना आवडतील ना. मी तेव्हा किती अभिमानानं फुगलो होतो म्हणून सांगू. अजून त्या आठवणीनं झाकण सैल होतं.

शाळेच्या मैदानात मांडव होता. टेबलावर डब्यांची रास. बहुतेक प्लॅस्टिकचे, काही पुठ्ठ्याचे, बेकरीतून तसेच उचलून आणलेले. त्यात मी एकटा स्टीलचा, राखेनं घासून लखलखलेला. श्रद्धानं मला स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवलं आणि ती आपल्या वर्गाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मजुरांच्या मुलांना आणणारा टेम्पो आला नाही. नगर रस्त्यावर अडकला होता, त्यात नवल काही नाही. पण पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं आणि फोटोवाला घड्याळ बघत होता. देणारे होते, डबे होते, फक्त घेणारे नव्हते. उत्कर्षा मॅडमनी मुलांच्या रांगांवरून नजर फिरवली. ती नजर मी टेबलावरून पाहिली. बाजारात भाजी निवडताना अशीच नजर फिरते. श्रद्धाचा रंग सावळा, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, गणवेश शेजारच्या मोठ्या मुलीचा म्हणून ढगळ. "ए बाळा, तू. वेण्या घातलेली," मॅडम म्हणाल्या, "आणि तू, आणि मागचा तू. या बरं पटकन पुढं."

मुलांना वाटलं काहीतरी बक्षीस आहे. तिघं पळत आली. मॅडमनी राशीतून फोटोत उठून दिसेल असा डबा उचलला. तो मी होतो. त्यांनी मला श्रद्धाच्या हातात दिलं, पण स्वतःचा हात काढला नाही, आणि कॅमेऱ्याकडे वळून हसल्या. श्रद्धा गोंधळली. तिनं मला ओळखलं, वर पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, हा माझाच डबा आहे."

मॅडमनी चेहऱ्यावरचं हसू तसूभरही न हलवता म्हटलं, "हो बाळा. आता तुझाच."

शेजारचे लोक कौतुकानं हसले. किती गोड, असं कुणीतरी म्हणालं. फोटो निघाला. अक्षरं माझ्या पोटावर होती आणि पोट मॅडमच्या तळव्याखाली होतं. मला हात असते तर मी तेव्हाच काय केलं असतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर सत्यशीलेनं विचारलं, "काऊन गं, डबा परत काऊन आणला? घेतला नाही का त्याईनं?" मला ओट्यावर ठेवून श्रद्धा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळी शंभूच्या मोबाईलवर शाळावार्ता आली. पहिल्याच पानावर मोठा फोटो, खाली ओळ : 'फराळाचा डबा स्वीकारताना गरजू विद्यार्थिनी. चिमुकलीच्या चेहऱ्यावर फुललेला आनंद!' सत्यशीलेनं तो फोटो बोटांनी मोठा केला, लेकीचा चेहरा नीट पाहिला. तिथं आनंद कुठं फुलला होता, ते शोधायला पुष्कर सरांचेच डोळे हवेत.

दुसऱ्या दिवशी तिनं ते अनारसे घरात कुणाला खाऊ दिले नाहीत. द्यायचे म्हटलेले घरात ठेवायचे नसतात. ती श्रद्धाला घेऊन समोरच्या बांधकामावर गेली आणि तिथल्या पोरांना वाटून आली. फोटो काढायला कुणी नव्हतं, त्यामुळे ते दान झालं की नाही, कोण जाणे. पोरांनी मात्र खसखससुद्धा चाटून पुसून खाल्ली. तिथल्या एका बाईनं परत निघताना माझ्यात चार पेरू घातले. तिला रीत ठाऊक होती.

सुट्टी संपल्यावर सत्यशीला मला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली. रंगनाथ सर सज्जन माणूस. त्यांनी तिला बसायला सांगितलं, माझ्या पोटावरचं नाव चष्मा वर करून वाचलं, अरेरे म्हणाले. तिचं मागणं एवढंसंच होतं. पुढच्या अंकात एक ओळ छापा, की हा डबा श्रद्धानं दिला होता, घेतला नव्हता. सर बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. "छापून झालंय हो ताई," ते म्हणाले, "पुढच्या अंकात बघू." मग आवाज उतरवून त्यांनी समजावलं, की मॅडम शाळेसाठी एवढं करतात, उगाच त्यांना वाईट वाटेल. आमच्या पोरीला काय वाटलं, ते विचारायला त्यांना सुचलं नाही.

शाळेत वर्गानं एकत्र बसून दिवाळीचा फराळ खायचा होता. सत्यशीलेनं श्रद्धाबरोबर माझ्यात चिवडा भरून दिला. मी बाहेर निघालो मात्र, एका मुलानं ओळखलं. अरे, हा तर मॅडमनी दिलेला डबा. दुसऱ्यानं लगेच बारसं उरकलं, 'गरजू'. मुलं काही राक्षस नसतात. जे मोठ्यांनी छापलं तेच ती वाचून दाखवतात. पण त्या दिवशी तो चिवडा कुणी घेतला नाही, आणि त्यानंतर श्रद्धाला वर्गात तिच्या नावानं कुणी हाक मारली नाही. ती मधल्या सुट्टीत बाकावर एकटी बसून खाऊ लागली, मग खाईनाशीच झाली. भूक नाही म्हणायची. शाळेत जाते म्हणून रडायची नाही, जात नाही म्हणूनही रडायची नाही. आठ वर्षांचं पोर असं गप्प झालं की घराचं काय होतं, ते आम्हा भांड्यांना विचारा.

एका दुपारी घरात कुणी नसताना तिनं मला मांडीवर घेतलं. मला वाटलं, काहीतरी भरणार. तिच्या हातात खिळा होता. तिनं माझ्या पोटावरचं आईचं नाव खरवडायला सुरुवात केली. नाव गेलं की डबा कुणाचाच राहणार नाही, असं तिच्या मनात असावं. ठिपके खोल होते, गेले नाहीत, पण सत्यशीला या अक्षरांवरून एक लांब वाकडा ओरखडा उमटला. पुसदच्या दुकानात नाव घालताना दुखलं होतं, ते या दुखण्यापुढं काहीच नव्हतं. श्रद्धाला मी काय बोलणार, ती माझीच. पण त्या ओरखड्याचा हिशेब मी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवला. डब्याला हात नसतात, तोंड असून बोलता येत नाही. पण डब्याला रीत असते. आणि करावं तसं भरावं लागतं, हे भरण्याचं शास्त्र माझ्याइतकं कुणाला कळतं?

संधी शाळेनंच दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नाताळच्या सुट्टीआधी स्नेहसंमेलन असतं. त्यात दिवाळीच्या उपक्रमाचा सत्कार ठेवला होता आणि पालकांचं मनोगत हवं होतं. रंगनाथ सरांनी सत्यशीलेला निरोप धाडला, की लाभार्थी पालक म्हणून आपण दोन शब्द आभाराचे बोलावेत, म्हणजे आपलंही मन मोकळं होईल. शंभू घाबरला. "जाऊ दे ना वं," तो म्हणाला, "मोठ्या लोकायच्या नादी कायले लागतं?" सत्यशीलेनं तांदूळ भिजत घातले. मी ओट्यावरून ते पाहिलं आणि मला माझा दिवस कळला.

संमेलनाला मैदान भरलं होतं. पहिल्या रांगेत कोचावर उत्कर्षा मॅडमच्या सासूबाई आनंदीबाई बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, गावच्या जुन्या पाटलीणबाईंचा थाट. सुनेचा सत्कार बघायला आल्या होत्या. मॅडमचा सत्कार झाला, टाळ्या झाल्या आणि सत्यशीलेचं नाव पुकारलं गेलं. ती मला पिशवीतून काढून, छातीशी धरून व्यासपीठावर चढली. घरची भाषा तिनं घरी ठेवली होती आणि शाळेच्या पुस्तकातली मराठी बरोबर आणली होती.

तिनं आधी नमस्कार केला. मग म्हणाली, "दिवाळीत उत्कर्षाताईंनी माझ्या मुलीला हा डबा दिला. आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणून मी तो भरून आणलाय. अनारसे आहेत. आपण स्वीकारावेत."

मैदानानं टाळ्यांचा कडकडाट केला. मॅडम कौतुकानं पुढं आल्या, दोन्ही हात पसरले. या वेळी सत्यशीला डावीकडे होती आणि त्या उजवीकडे. फोटो निघाला. मग सत्यशीलेनं माझ्यावरचा हात काढला आणि माझं पोट मॅडमकडे वळवलं. "फक्त डबा तेवढा परत द्या, ताई," ती म्हणाली, "त्यावर नाव आहे. जरा मोठ्यानं वाचता का?"

माईक समोरच होता. मॅडमनी हसत हसत वाचायला सुरुवात केली. "सौ. सत्यशीलास..." आणि तिथं हसू थांबलं. पण वाक्य अर्धं सोडता येत नव्हतं, अख्खं मैदान ऐकत होतं. "सप्रेम भेट. रंगरावमामा." शेवटचा शब्द माईकलाही नीट ऐकू गेला नाही.

"रंगराव माझे मामा," सत्यशीला शांतपणे म्हणाली, "माझ्या लग्नातला डबा आहे. माझी श्रद्धा त्या दिवशी आपल्याला तेच सांगत होती. ती द्यायला आली होती, ताई."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आनंदीबाईंचा आवाज आला. त्यांना हळू बोलायची सवय नव्हती. "आगं, म्हंजी पोरीचाच डबा पोरीला दिलास व्हय?"

मागच्या रांगांत आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग ते हसू पसरत पुढं आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हसण्याचा आवाज ऐकून सुखावलो. मॅडमचा चेहरा तुपात सोडलेल्या बिघडलेल्या अनारशासारखा झाला होता. मी अगदी जवळून पाहिला.

आता अनारसे माझ्यात होते आणि मी मॅडमच्या हातात. तिथं रिकामा कुठं करणार? त्यामुळे मला त्यांच्या बंगल्यावर जावं लागलं, आणि खरी मजा तिथं सुरू झाली. सुट्टीभर मी त्यांच्या काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर बसून होतो. अनारसे आनंदीबाईंनी चवीनं खाल्ले, शेजाऱ्यांना बोलावून खाऊ घातले आणि प्रत्येकाला डब्याची गोष्ट सांगितली. मॅडमनी मला ड्रायव्हरबरोबर पाठवून द्यायचं म्हटलं, तर सासूबाईंनी बजावलं, की आपल्या हातानं नेऊन द्यायचा आणि रिकामा न्यायचा न्हाई. विकतचं घालायचंही न्हाई. तिनं हातचं दिलं, तूही हातचंच दे.

मॅडमनी मोबाईलवर बघून अनारसे करायला घेतले. हसले. पुन्हा केले. पुन्हा हसले, तेही खदाखदा, अख्खी कढईभर. मी शेजारी बसून पाहत होतो आणि झाकण वाजल्याचं कुणी ऐकलं असेल, तर ते माझंच होतं.

आणि मग शाळावार्ता आली. पुष्कर सर कामाचा माणूस. प्रत्येक फोटोखाली नवी ओळ लिहायला वेळ कुणाला असतो? त्यांनी दिवाळीची ओळ उचलली, इथं चिकटवली आणि नाव बदललं. बदलायचं ते सगळं बदललं, एक शब्द राहिला. पहिल्या पानावर मोठा फोटो आणि खाली : 'फराळाचा डबा स्वीकारताना गरजू अध्यक्षा सौ. उत्कर्षा मॅडम. चेहऱ्यावर फुललेला आनंद!' चुकून राहिला की मुद्दाम ठेवला, ते पुष्कर सर जाणोत. मी त्यांना मनातल्या मनात सगळं माफ केलं. माफीचा माझा तेवढाच प्रसंग.

त्या दिवशी बंगल्यातला फोन थांबला नाही. मैत्रिणी, नणंदा, सोसायट्यांमधले लोक, सगळ्यांना अचानक खुशाली विचारायची होती. मॅडमच्या मुलाला शिकवणीत कुणीतरी 'गरजूचा मुलगा' म्हणालं, तो घरी येऊन दार आपटून बसला. तेव्हा मॅडम पहिल्यांदा ओट्यापाशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी रंगनाथ सरांना फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता. पलीकडून सर म्हणत होते, "छापून झालंय हो मॅडम. पुढच्या अंकात बघू."

सुट्टी संपत आली. तिसऱ्यांदा केलेले अनारसेही हसले, तेव्हा आनंदीबाई उठल्या आणि त्यांनी माझ्यात मूठभर साखर घातली. "काय नसलं की साखर घालत्यात," त्या सुनेला म्हणाल्या, "तुझ्यापाशी दुसरं हाय काय?" माझं झाकण त्यांनीच लावलं. वाघोलीतल्या एवढ्या मोठ्या घरातून मी मूठभर साखर घेऊन निघालो.

तिसऱ्या मजल्यापर्यंत मॅडम जिना चढून आल्या. दार श्रद्धानं उघडलं. मॅडमनी मला दोन्ही हातांनी पुढं केलं आणि सवयीनं जराशा तिरप्या उभ्या राहिल्या, जिन्याकडे तोंड करून. "बाळा, तुझा डबा," त्या म्हणाल्या. श्रद्धानं मला घेतलं. पोटावरचं नाव बोट फिरवून पाहिलं, त्या ओरखड्यावर तिचं बोट क्षणभर अडलं. मग शहाण्या मुलीसारखं विचारलं, "मॅडम, फोटो काढायचा का?"

मॅडमनी नको म्हणून मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. तुम्हाला त्यांची दया येत असेल तर येऊ द्या, मी आड येत नाही. सत्यशीला बाहेर आली, तिनं त्यांना आत बोलावलं, खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. माझं झाकण उघडून तिनं त्यातलीच साखर चहात घातली. कप हातात आल्यावर मॅडमना राहवलं नाही. "अहो, ही तर मी आणलेली साखर," त्या पुटपुटल्या.

सत्यशीलेनं कपाखाली बशी सरकवली.

"हो ताई," ती म्हणाली, "आता तुमचीच."

मॅडमनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. जाताना त्या चुकलं म्हणाल्या आणि सत्यशीला असू द्या म्हणाली. पुढच्या महिन्यात शाळावार्तेत श्रद्धाच्या नावानिशी ती एक ओळ छापून आली, आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पण आली. सत्यशीलेनं त्या बाईला माफ केलं असावं. माणसांना जमतं ते. मी केलेलं नाही.

आता मी रोज श्रद्धाबरोबर शाळेत जातो. ती मला बाकावर ठेवते तेव्हा नावाची बाजू मुद्दाम पुढं करते आणि जो कुणी हात घालेल त्याला आधी ते वाचायला लावते. ओरखडा तसाच आहे. सत्यशीला घासताना तिथं जरा जपून हात फिरवते.

दिवाळी पुन्हा जवळ आली आहे. पुन्हा मांडव पडतील, टेबलं लागतील, कुणीतरी रांगांवरून नजर फिरवेल. द्यायची हौस आली असेल तर जरूर द्या. फक्त हातातला डबा पुढं करण्याआधी मान खाली घालून त्याच्या पोटावरचं नाव वाचा. नाही वाचलंत तरी माझी हरकत नाही. मी भरून येईन.